झाकलेली रोटी

"सगुणाबाई, एस्तेरचं नाव घेतलंत तुम्ही. गावाचंसुद्धा." सगुणाबाईंची प्रार्थना संपताच पाळकबाई त्यांच्या कानाशी पुटपुटल्या. चर्चमधली उपासना मोबाईलवरून जगभर ऐकू जात होती.

एस्तेर त्यांची लेक, मिशननं पाठवलेली नर्स. दूर बर्फाळ डोंगरात, मुसलमान मेंढपाळांच्या वस्तीत राहायची. ती मिशनची आहे हे तिथं उघड झालं तर जिवावर बेतेल, म्हणून प्रार्थनेत नुसतं 'डोंगरातली लेक' म्हणायचं ठरलं होतं.

घरी पोचताच लेकीचा फोन आला.

"बाळा, चुकले गं मी. सगळ्यांसमोर नाव घेतलं तुझं. निघून ये तिथून."

"आई, वस्तीला केव्हाच कळलंय," एस्तेर हसली. "जेवणाआधी मी प्रार्थनेला डोळे मिटते ना, तेवढा वेळ आमची घरमालकीण म्हातारी माझी रोटी झाकून धरते. गार होऊ नये म्हणून."

"आणि बाहेरचं कुणी आलं तर?"

"तर म्हातारी म्हणते, दारात आधी मी उभी राहीन."

सगुणाबाईंनी म्हातारीचं नाव विचारून घेतलं. सांजेला भाकरीवर फडकं टाकून त्यांनी डोळे मिटले आणि दोघींसाठी मागणं मागितलं. म्हातारीचं नाव मात्र ओठांबाहेर येऊ दिलं नाही.