हक्कसोडपत्र

आई गेल्यावर लालबागच्या खोलीवरचा आपला हक्क थोरल्या भावाच्या, हितेंद्रच्या नावे सोडायला दमयंती अखेर तयार झाली. अंथरुणाला खिळलेल्या आईचं आठ वर्षं तिनेच केलं होतं, पण भांडायचं बळ आता तिच्यात उरलं नव्हतं. नोंदणी कार्यालयात कारकुनाने तिला फोटोसाठी भिंतीपासून थोडं पुढे बसवलं. मग संगणकाच्या पडद्याकडे बघत तो म्हणाला, "मॅडम, मागच्या आजींना जरा बाजूला व्हायला सांगा." "कोण आजी?" हितेंद्रने वैतागून विचारलं. कारकुनाने पडदा त्यांच्याकडे फिरवला. दमयंतीच्या खांद्यावर हात ठेवून आई उभी होती, चितेवर तिच्याबरोबर जळालेल्या त्या निळ्या साडीत. दमयंतीचा खांदा गार पडला, पण तिला भीती वाटली नाही. तिने टेबलावरचं हक्कसोडपत्र उचलून पिशवीत ठेवलं. हितेंद्रने पडद्याकडे पाठ फिरवली. "ती कुणाकडे बघतेय?" त्याने विचारलं. "तुझ्याकडे, दादा."