प्रोफेसरांचा निळा रंग

योन्का बालाबानोवाच्या ओटीपोटातल्या डाव्या बाजूच्या सगळ्या लसिका गाठी काढल्या आणि त्या सगळ्या निरोगी निघाल्या. हे तूर्त विसरून जाऊ. अजून काहीच झालेलं नाही. योन्का सोफियातल्या एका इस्पितळात खाटेवर बसून दही खातेय आणि प्रोफेसर किर्चेव्ह तिला समजावताहेत.

"गर्भाशयाच्या तोंडाशी निळा रंग टोचायचा. कॅन्सर पसरलाच तर ज्या गाठीत आधी शिरेल, तिथेच रंगही आधी जातो. तेवढीच गाठ काढून तपासायची. एखाद्या बाजूला रंग दिसलाच नाही, तर त्या बाजूच्या सगळ्या काढायच्या."

"मग पायाचं काय?"

"सुजू शकतो. जन्मभर."

"मी ट्रॅम चालवते, प्रोफेसरसाहेब."

"ट्रॅम रुळांवर चालते, बाई. तुमच्या पायांवर नव्हे."

मागचे शिकाऊ डॉक्टर हसले. हसणं त्यांच्या अभ्यासक्रमात होतं.

इस्पितळात हिरवा रंगही आलाय, खास कॅमेऱ्यात उजळतो आणि क्वचितच चुकतो, असं योन्काने ऐकलं होतं. तिने विचारलं. प्रोफेसरांचा चेहरा आंबट झाला. निळ्यावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला होता, आणि हिरव्याचा कॅमेरा कपाटात कुलूपबंद ठेवला होता.

"ती सगळी थेरं आहेत. ही शेजारच्या खाटेवर माझी बायको. आजार तोच. उद्या तिलाही निळाच. आणखी काय पुरावा हवा?"

खास खोलीची रंगरंगोटी वर्षभर चालू होती, म्हणून लिल्यानाबाई इथे होत्या. नखांचं पॉलिश पुसता पुसता त्या म्हणाल्या, "ह्यांच्या शब्दाबाहेर मी नाही गं."

योन्काने सही केली.

ती शुद्धीवर आली तेव्हा सिस्टर म्हणाली, "उजवीकडे दिसला, मावशी. डावीकडे नाही. तिकडच्या सगळ्या काढल्या."

खाटेला लटकवलेल्या पिशवीत योन्काची लघवी पोहण्याच्या तलावासारखी निळीशार होती. शेजारच्या पिशवीतली पिवळी होती.

"लिल्यानाबाई, तुमची पिवळी कशी हो?"

"मी पाणी भरपूर पिते."

सिस्टरने मधला पडदा ओढला आणि योन्काच्या कानाशी वाकली. "हिरव्याने लघवी रंगत नाही. मी काही बोलले नाही हं."

लिल्यानाबाईंची दोन्ही बाजूंची एकेकच गाठ गेली. त्या उंच टाचांच्या चपलांत घरी गेल्या.

वसंतापर्यंत योन्काचा डावा पाय बुटात मावेनासा झाला. तिची प्रकृती लक्षात घेऊन ट्रॅम कंपनीने तिला चालकाच्या खुर्चीवरून उठवलं आणि उभ्याने करायचं काम दिलं: तिकीट तपासायचं.

"अभिनंदन," ती तपासणीला आल्यावर प्रोफेसर म्हणाले. "काढलेल्या सगळ्या गाठी निरोगी होत्या. काही तक्रार असेल तर रीतसर अर्ज करा."

योन्काने तिथेच कागद मागून घेतला आणि रीतसर लिहिलं: रोग उलटल्यास अर्जदारास प्रोफेसर किर्चेव्ह यांची पत्नी समजून उपचार करण्यात यावेत, ही नम्र विनंती.