सेन्सरची रिकामी जागा

पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवायची हरेश्वरची चारचाकी बाईक कंपनीने परत मागवून दुरुस्त करून दिली, तरी तो बसला की ती सुरूच होईना. त्याची बायको शेवंती बसली की मात्र लगेच सुरू व्हायची.

हँडलवरच्या हाताची नाडी ओळखून जिवाला धोका असलेल्या माणसाला अडवणारा सेन्सर या गाड्यांत असे. धडधाकट गिऱ्हाइकांनाही गाड्या अडवतात, अशा तक्रारी आल्या म्हणून कंपनीने या दुरुस्तीत तो काढून टाकला होता.

तरीही शेवंतीने नवऱ्याला ओढतच दवाखान्यात नेलं. "अजून थोडा उशीर केला असतात, तर हे हाती लागले नसते," डॉक्टर म्हणाले. हरेश्वर वाचला.

आठवड्याने कंपनीचा मेकॅनिक पराग आला. त्याने गाडी उघडून दाखवली. "बघा वहिनी, सेन्सरची जागा रिकामी आहे. गाडीला आता काही कळत नाही."

"मग ती ह्यांना का अडवत होती?"

"वायर सैल असेल. थांबा, मीच चक्कर मारून बघतो."

पराग बसला आणि त्याने बटण दाबलं. काहीच झालं नाही. त्याने पुन्हा दाबलं आणि हसत तिच्याकडे पाहिलं.

शेवंती हसली नाही. तिने त्याचे हात हँडलवरून अलगद सोडवले.

"भाऊ, आधी दवाखान्यात चला."