लसणाची एक पाकळी

कोंबडीची कातडी काढून तिने तुकडे मंद आचेवर दोन तास उकळले. वर आलेली चरबी चमच्याने काढली, सूप फडक्यातून दोनदा गाळलं आणि वाटी बाबांसमोर ठेवली. कांदा नाही, लसूण नाही, मिरी नाही. आतड्यांना त्रास होईल असं काहीच नाही.

"हे सूप आहे की कोंबडीच्या आंघोळीचं पाणी?" बाबा म्हणाले.

"पथ्य म्हणजे पथ्य."

"अगं, चार महिने झाले. लसणाची एक पाकळी टाकली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"कोसळलं असतं."

"बरं बाई. सकाळी रिपोर्ट दाखवायला गेली होतीस ना? काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणाले, पथ्य अजिबात मोडायचं नाही."

बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे अजून काहीतरी होण्यासारखं आहे," असं म्हणत त्यांनी नाक मुरडून वाटी तोंडाला लावली आणि तळापर्यंत संपवली.

डॉक्टरांनी सकाळी रिपोर्ट पुन्हा पाकिटात घातले होते आणि ते तिला एवढंच म्हणाले होते, "आता त्यांना आवडेल ते खाऊ द्या."