हिरवं कार्ड

"नळाचं नको, या जारमधलं भर," सरपंचबाई म्हणाल्या. गावाला पाणी सोडणाऱ्या गेनूच्या हातात तपासणीची बाटली होती. जुलाब-उलट्यांनी आठवड्यात अकरा माणसं दवाखान्यात गेली होती.

"पाणी वाईट निघालं तर गावाला लाल कार्ड मिळेल. तालुक्यात तोंड कसं दाखवायचं?"

गेनूनं बाटली जारमधूनच भरली.

चौथ्या दिवशी अहवाल आला. पाणी पिण्यायोग्य, कार्ड हिरवं. गावासाठी निघालेले दोन्ही टँकर शेजारच्या गावाला वळवले गेले. ग्रामपंचायतीत पेढे वाटले. गेनूनं बायकोसाठी एक घरी नेला. सकाळपासून तिचे जुलाब थांबत नव्हते.

तिच्या तेराव्याला सरपंचबाईंनी पाण्याचे चार जार पाठवले. सोबत निरोप होता, "पाहुण्यांना नळाचं देऊ नकोस."