पुलापाशी ओटी

लॅपटॉपच्या पडद्यावर नदी वाहत होती, नदीवर दगडी पूल होता आणि पुलाच्या अलीकडे हिरव्या झग्यातली एक बाई कधीची उभी होती. ती बाई म्हणजे खेळातल्या ललिताबाई. पलीकडच्या रानात लांडगा ओरडला. ललिताबाईंनी पदराला हात पुसले. लांडग्याचं त्यांना काही नव्हतं. पूर्णिमा अजून आली नव्हती.

सकाळचे नऊ वाजून गेले होते. खालून फाटकावरचा रखवालदार दशरथ ओरडला, "मावशी, गुरुवार हाय! दहाला लाइट जाणार!"

"दहाला म्हणजे पावणेदहाला," ललिताबाई खिडकीतून म्हणाल्या. "वेळेआधी होणारं एवढं एकच काम आहे या मांजरी गावात."

चेष्टा केली खरी, पण जीव थाऱ्यावर नव्हता. वीज गेली की इंटरनेट जाणार, आणि लेकीशी बोलायची ही एकच जागा उरली होती. फोन केला की जावई रविराज तो स्पीकरवर ठेवायचा. मेसेज पूर्णिमाच्या आधी तो वाचायचा. या खेळाला मात्र तो हसायचा, 'आई-लेकींची भातुकली' म्हणायचा. दिवाळीत पूर्णिमाने आईला खेळ शिकवला, तेव्हा तिच्या मनगटावर बांगड्यांच्या आड काळानिळा वण होता. ललिताबाईंनी खेळ शिकून घेतला आणि वणही पाहून ठेवला.

पुलावर लाल शेला दिसला.

"आलीस गं?" ललिताबाईंनी एकेक अक्षर शोधत लिहिलं.

"आले."

"बरी आहेस ना?"

"हे शेजारी बसलेत. चहा घेतायत."

म्हणजे आज इथंही बोलता येणार नव्हतं.

एरवी दर गुरुवारी त्या दोघी रान फिरायच्या. राक्षस, खजिना, गुहा यांत ललिताबाईंचं मन नसायचं. त्यांचं सगळं लक्ष शेवटाकडे. निघायच्या वेळी त्या पुलापाशी लेकीची ओटी भरायच्या. नवरा गेल्यापासून त्यांनी कोणाची ओटी भरली नव्हती, नात्यातल्या बायकांनी भरू दिली नसती. पुलापाशी कोणी विचारणारं नव्हतं. खेळात नारळ मिळत नाही, म्हणून सफरचंद. खणाच्या जागी लाल लोकर. वर ओंजळभर गहू. पूर्णिमा त्यातले चार दाणे आईला परत द्यायची. रीतच ती, लेक पुन्हा माहेरी यावी म्हणून. मग ती उत्तरेच्या वेशीतून निघून जायची. त्या चार दाण्यांवर ललिताबाई पुढचा आठवडा काढायच्या.

वीज जायच्या आत निदान ओटी तरी भरून होऊ दे, म्हणून त्यांनी घाईघाईने देवघेवीची चौकट उघडली आणि सगळं लेकीपुढे ठेवलं.

पूर्णिमाने सगळं परत केलं. सफरचंद, लोकर, गव्हाचा दाणा न् दाणा.

हात चुकला असेल तिचा. ललिताबाईंनी पुन्हा भरली. पुन्हा सगळं परत.

माहेरची ओटी कुठली लेक नाकारते? हिला आता इथंही यायची बंदी झाली की काय? आजचा हा शेवटचाच गुरुवार, हेच सांगतेय की काय पोर?

पडद्यावर अक्षरं उमटली. ती पूर्णिमाची नव्हती.

"आई, मी रविराज. आज ओटी घेत नाही वाटतं लेक तुमची! रुसली की काय?"

"रुसली असेल," त्यांनी लिहिलं.

"झोळीत जागा नसेल हो. जुनं सामान टाकवत नाही तिला. सांगा जरा."

"सांगते."

लाल शेला हलला. उत्तरेकडे वळला नाही. पूल उतरून अलीकडे आला, हिरव्या झग्याच्या बाजूने पुढे गेला आणि नदीकाठच्या आईच्या झोपडीत शिरला. पूर्णिमाने कमरेची तलवार काढून खुंटीला अडकवली. खांद्यावरची झोळी खाली ठेवली. आणि चुलीपाशी बसली. इतक्या गुरुवारांत ती त्या झोपडीत कधी बसली नव्हती.

ओटी भरतात ती सासरी निघालेल्या लेकीची.

ललिताबाई काही लिहिणार, तोच डोक्यावरचा पंखा मंदावला आणि थांबला. नदी थिजली. चुलीतला जाळ होता तिथंच थिजला. त्याच्यासमोर लेक बसलेली होती.

"पावणेदहा!" खालून दशरथ म्हणाला. "तुमचंच खरं झालं, मावशी!"

ललिताबाई खिडकीशी आल्या. गज धरून उभ्या राहिल्या.

"दशरथ, आज फाटकावर तूच आहेस ना?"

"मी न्हाई तर कोण? का ओ?"

"पूर्णिमा येईल. नाशिकहून. आज, नाहीतर उद्या, नाहीतर..." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "येईल ती. कधीही आली तरी आत घे."

"घेतो की. जावईबापूबी हायेत का संगं?"

"ते मागून येतील."

"मग त्यांनाबी सोडतो वर."

"नाही."

दशरथने मान वर केली. ललिताबाईंच्या मुठी गजांवर पांढऱ्या पडल्या होत्या. भिंतीच्या सावलीतली आपली खुर्ची त्याने उचलली आणि फाटकाच्या मधोमध, उन्हात आणून ठेवली.