खांद्यावरची चार बोटं

फुटक्या फ्रेममधून फोटो बाहेर काढला, तेव्हा आईच्या खांद्यावर चार बोटं दिसली.

मुलगी बघतच राहिली. हा फोटो तिला पाठ होता. सायकलच्या दुकानासमोर उभी असलेली विशीतली आई, तोंडभर हसणारी. बोटं त्यात कधीच नव्हती. जुन्या फ्रेमची रुंद कड इतकी वर्षं त्यांच्यावर बसून होती. मनगटाशी फोटो कात्रीने कापलेला होता, आणि कापणाऱ्याला घाई असावी, कारण रेघ वाकडी गेली होती.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नव्या फ्रेमचं काम मांडलेलं होतं. मुलगी दातांची डॉक्टर. कोरण्यात, घासण्यात आणि फटी बुजवण्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. दोन उभ्या पट्ट्यांवर तिने वेल कोरली होती. एका पानाचा टवका उडाला, तिथे भुसा आणि गोंद कालवून दाढ भरावी तसं पान भरून काढलं होतं. खिडकीपाशी बसून वडील त्या पट्ट्यांना फडक्याने पॉलिश चढवत होते. आडव्या दोन पट्ट्या कोरून झाल्या होत्या, कापायच्या राहिल्या होत्या.

"आई, हा हात कोणाचा?"

"कुठला हात?" आई मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"तुझ्या खांद्यावरचा."

"असेल कोणाचा तरी. हातांना काय तोटा आहे जगात?"

मुलीने भिंग आणलं. नखं बारीक कापलेली. बोटं लांबट, पेरांवर एकही केस नाही. पुरुषाची म्हणावीत तर नाजूक, बाईची म्हणावीत तर रुंद. पण पकड सैल नव्हती. खांद्यावर ब्लाउजला चुण्या पडल्या होत्या.

"भिंगाने काय बघतेस, कीड लागलीय का?" आई म्हणाली.

"मला फक्त पट्टी किती लांब कापायची ते सांग. जुन्या मापाने कापली, तर बोटं कडेखाली जातील. दोन सूत, पाव इंचभर, जास्त ठेवली, तर दिसतील."

आईच्या हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली. तिने खिडकीकडे पाहिलं. वडील पॉलिश करतच होते.

"माझ्याकडे काय बघतेस?" ते म्हणाले. "मला माहीत आहे तो हात."

"तुम्हाला?"

"मागे काच तडकली होती, आठवतं? मीच बदलली. तेव्हा पाहिला."

"आणि मला काही बोलला नाहीत?"

"विचारणार होतो. फोटो हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलोही होतो." वडिलांनी फडकं उलटं केलं आणि पुन्हा घासायला लागले. "मग तुझं हसू नीट पाहिलं. म्हटलं, हात ज्याचा कोणाचा असेल, माणूस बरा असणार. परत फिरलो आणि फ्रेम ठोकून टाकली."



आई उठली. तिने हात धुतले, पदराला पुसले, चष्मा लावला आणि टेबलाशी येऊन फोटोवर वाकली. मुलीला वाटलं, आता ती फोटो उचलून आत घेऊन जाणार. पण ती नुसती बघत राहिली, ओळखीच्या घराला बाहेरून बघावं तशी.

"दोन सूत म्हणजे कुठवर?"

मुलीने पट्टी फोटोवर धरली आणि पेन्सिलने बारीकशी खूण केली. "इथवर. चारही बोटं येतात."

आईने फोटोच्या अगदी काठाशी नख ठेवलं. तिथे एक काळी रेघ होती. मुलीने ती मघाशी डाग म्हणून सोडून दिली होती.

"आणखी एक सूत," आई म्हणाली. "घड्याळाचा पट्टा दिसू दे. घड्याळ माझं होतं."

मुलीने खूण खोडून नवी केली. काही विचारावं म्हणून तिने तोंड उघडलं, तोवर वडील खिडकीजवळून उठून आले होते. त्यांनी पट्टी टेबलाच्या कडेवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली.

"काप," ते म्हणाले. "मी धरलीय."